गायकाचे लोकस्मारक : स्वरूप, प्रकार आणि सातत्य

ठाणे शहरातील टेंभी नाका हे स्थळ सार्वजनिक स्मृतीच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे असे आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आनंद दिघे यांनी येथे नवरात्रोत्सव सुरू केला. दिघे २००१ साली निवर्तले. उत्सव मात्र चालू राहिला, आणि त्यास येणाऱ्या पुष्कळांच्या दृष्टीने तो देवीच्या आराधनेबरोबरच त्यांच्या स्मरणाचाही प्रसंग होऊन बसला आहे. याच नाक्यावरून जांभळी नाक्याच्या बाजूने मासुंदा तलावाकडे गेले म्हणजे थोड्याच वेळात गडकरी रंगायतन लागते. १९७८ साली उभ्या राहिलेल्या या नाट्यगृहाशी दुसऱ्याच प्रकारच्या एका स्मरणाचे नाते जडले आहे : संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या नावाने ठाणे महानगरपालिका भरवीत आलेला संगीत महोत्सव. राजकारण आणि संगीत ही क्षेत्रे परस्परांपासून फार दूरची होत. तथापि स्मृती टिकविण्याची रीत दोन्हीकडे एकच आढळते. ठराविक स्थळी, ठराविक काळी, समुदायाने पुन्हा पुन्हा केलेली कृती हेच येथे स्मारक ठरले आहे.

या निरीक्षणावरून जो प्रश्न उद्भवतो तो असा : आवडत्या गायकाचे स्मारक रसिकांनी उभारावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? आणि त्यांनी जे केले त्यांपैकी टिकले काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे, व आवश्यक तेथे बाहेरील उदाहरणांशी तुलना करून, करावयाचा आहे.

१. संज्ञा व अडचण

‘लोकस्मारक’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. ज्या स्मारकाचा आरंभ किंवा ज्याचे सातत्य श्रोते, शिष्य अथवा चाहते यांच्या इच्छेवर अवलंबून आहे, ते लोकस्मारक. शासनाने अथवा नगरपालिकेने द्रव्य पुरविले एवढ्यावरून ते लोकस्मारक नव्हे असे होत नाही. परंतु श्रोते येईनासे झाल्यावर ज्यात काहीच उरणार नाही, तेच खरे लोकस्मारक होय.

गायकाच्या बाबतीत एक मूलभूत अडचण आहे. लेखकामागे ग्रंथ राहतो, शिल्पकारामागे मूर्ती राहते. गायकाची कृती श्वासाबरोबर संपते. देवगंधर्व भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. आपल्या काळातील थोर गवई म्हणून त्यांची ख्याती निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ज्यांनी त्यांना ऐकले अशी पिढीही आता हयात नाही. मग त्यांचे स्मरण म्हणजे नेमके कशाचे स्मरण? पुतळा उभारला तर तो चेहऱ्याचा होईल, आणि रसिकांनी तर चेहऱ्यावर नव्हे, गळ्यावर प्रेम केलेले असते. या अडचणीतून समाजाने जे मार्ग काढले त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : देहस्थान, नाव आणि आवर्तन.

२. देहस्थान

सर्वांत जुना मार्ग म्हणजे गायकाचा देह जेथे विसावला तेथे जमणे. मिरज हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोइल या रेल्वे स्थानकावर निधन झाले. त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात तेथे संगीतसभा भरते आणि गायक-वादक त्यात हजेरी लावतात. हजेरी हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मैफलीत कलावंत कला सादर करतो. हजेरीत तो स्वतः सादर होतो. मिरज हे तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांचे गाव असल्याने, आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले असल्याने, या स्मरणाला गावच्या व्यवसायाचाही आधार आहे. दर्गा, उरूस, वाद्यकार आणि घराणे असे चार आधार एकत्र आल्यामुळे ही परंपरा केवळ चाहत्यांच्या उत्साहावर विसंबून राहिलेली नाही.

ग्वाल्हेर येथील तानसेनाच्या समाधीची हकीकत याच जातीची आहे. शिंदे यांच्या संस्थानी अमदानीत १९२४ साली तेथे सुरू झालेल्या समारोहाने २०२४ मध्ये शंभरी गाठली. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, ही गवयांमधील समजूत सर्वश्रुत आहे. समजूतीची सत्यता हा येथे प्रश्न नाही. हातात धरता येत नाही अशा गोष्टीला श्रोत्यांनी पानाच्या रूपाने हाताशी आणले, हे महत्त्वाचे.

तमिळनाडूतील तिरुवैयारू येथील त्यागराजांचे उदाहरण तर मराठी अभ्यासकास विशेष जवळचे वाटावे, कारण त्यागराजांचे (निधन १८४७) आयुष्य तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखात गेले. त्यांच्या समाधीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मंदिर उभारले ते कोणा राजाने नव्हे, तर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, स्वतःच्या मिळकतीतून. ज्या आराधनेत स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता, तिचे स्थान एका स्त्रीने बांधावे आणि पुढे तेथे स्त्रियांच्या गायनाचा हक्कही प्रस्थापित करावा, ही घटना लोकस्मारकाच्या इतिहासात मोलाची आहे. स्मारक बांधणारा केवळ गतकाळाचे जतन करीत नाही. त्या स्मरणात कोणाला स्थान असावे, याचाही तो निर्णय करीत असतो.

देहस्थान मात्र नेहमीच सुरक्षित असते असे नाही. महंमद रफी यांचे ३१ जुलै १९८० रोजी मुंबईत निधन झाले व जुहू येथील कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. नव्या दफनांसाठी जागा अपुरी पडू लागल्याने तेथील जुन्या कबरींवरील बांधकामे २०१० साली काढून टाकण्यात आली. त्यांत रफी यांचीही कबर गेली. चाहते तरीही येत राहिले. कबरीच्या जागेजवळच्या एका नारळाच्या झाडाची खूण धरून ते फुले वाहतात. ग्वाल्हेरची चिंच आणि जुहूचा नारळ यांत एक साम्य आहे : दगड हलविला जातो तेव्हा श्रोते झाडाचा आश्रय घेतात. परंतु भेदही आहे. ग्वाल्हेरला झाडाभोवती गायन आहे. जुहूला केवळ झाड आहे. ज्यांना ती खूण ठाऊक आहे ते गेल्यावर ती पुढच्यांना कोण दाखविणार, हा प्रश्न तेथे उरतोच.

३. नाव

दुसरा मार्ग नावाचा. रस्ता, चौक, शाळा, रुग्णालय अथवा नाट्यगृह यांस गायकाचे नाव देणे हा आधुनिक नागरी जीवनातील सर्वांत सुलभ उपाय होय. मुंबईत वांद्रे येथे रफी यांच्या नावाचा चौक आहे. गोव्यात केरी या गावी सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाची शाळा आहे. पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे रुग्णालय आहे. या प्रकारात एक धोका सहज दिसतो. नाव रोज उच्चारले जाते, परंतु उच्चारणाऱ्याच्या मनात गायक उभा राहतोच असे नाही. टपालाच्या पत्त्यात शिरलेले नाव चिरंजीव होते खरे. तथापि त्यातील स्मरणाचा अंश हळूहळू झिजत जातो.

या वर्गातील अपवादात्मक उदाहरण म्हणजे पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर. त्याची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविली गेली. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. येथे नाव आणि वास्तूचा उपयोग यांचा मेळ बसला आहे. ज्या नटाने आयुष्य रंगभूमीवर घालविले त्याच्या नावाने रंगभूमीच उभी राहिली. त्यामुळेच ही वास्तू पाडून तेथे नवे संकुल बांधण्याचा विचार पुढे आला तेव्हा कलावंतांनी व रसिकांनी त्यास विरोध केला. पत्त्यातल्या नावासाठी कोणी विरोध करीत नाही. वापरातल्या वास्तूसाठी करतात. सभागृहाची सोय, वाहने ठेवण्याची जागा, तंत्रसामग्रीचे जीर्णत्व हे मुद्दे खरेच आहेत. परंतु ‘जुने पाडले तर स्मारकही जाते काय?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ स्थापत्यशास्त्र देऊ शकणार नाही.

ठाण्याचे गडकरी रंगायतन नाटककार राम गणेश गडकरी यांच्या नावाचे आहे. तेथे एका गायकाचा स्मृतिमहोत्सव भरावा, यावरून एक गोष्ट ध्यानात येते : स्मारकाची वास्तू एकाची आणि स्मरण दुसऱ्याचे, अशी वाटणी आपल्या नगरांत सहज होते व कोणास ती खटकत नाही. युरोपातील एका उदाहरणाशी याची तुलना करता येईल. जर्मनीतील म्युनिक शहरात सोळाव्या शतकातील संगीतकार ओर्लांदो दि लासो याचा पुतळा आहे. त्यासमोरच्या हॉटेलात अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन उतरत असे. २००९ साली जॅक्सनच्या निधनानंतर चाहत्यांनी या पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्याची छायाचित्रे, फुले व मेणबत्त्या मांडून तो जणू त्याचेच स्मारक करून टाकला. एका संगीतकाराच्या दगडाने दुसऱ्या गायकाचे स्मरण पेलले. म्युनिकमध्ये हे चाहत्यांनी आपल्या मनाने केले, ठाण्यात ते संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेतून झाले. परंतु मागणी एकच होती : जमण्यासाठी जागा.

४. आवर्तन

तिसरा मार्ग आवर्तनाचा, आणि महाराष्ट्राचे वैशिष्ट्य प्रामुख्याने याच मार्गात प्रकट झाले आहे असे म्हणावयास हरकत नाही. येथे स्मारक म्हणजे वस्तू नसून तिथी होय. वारकरी संप्रदायातील संतांच्या पुण्यतिथ्या, कीर्तनाचे सप्ताह, गुरुपौर्णिमेचे गायन यांची सवय असलेल्या समाजाने गवयाच्या पुण्यतिथीस गाणे करावे, हे स्वाभाविकच होते. श्राद्धात पितराला जे प्रिय ते वाढावयाचे, हा संकेत. गवयाला प्रिय ते गाणे.

सवाई गंधर्व महोत्सव हा याचा आदर्श नमुना. सवाई गंधर्व तथा रामभाऊ कुंदगोळकर यांचे १२ सप्टेंबर १९५२ रोजी निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात पुण्यतिथीची संगीतसभा सुरू झाली. प्रारंभी ती सप्टेंबरात भरे. पुढे श्रोते वाढले, सभा मंडपात आली, आणि पावसाचा व्यत्यय टाळण्यासाठी ती डिसेंबरात नेण्यात आली. या बदलाकडे बारकाईने पाहावे. तिथीने सुरू झालेले स्मरण तिथीपासून सुटले, तरी ते कमी झाले नाही. कारण तोपर्यंत ते शिष्याच्या ऋणातून शहराच्या सवयीत उतरले होते. महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावण्याचा प्रघात पडला. हजारो श्रोते अनेक रात्री ज्यांना ऐकतात ते सारे जिवंत कलावंत. अखेरचा आवाज मात्र ज्याच्यासाठी जमले त्याचा. २०११ साली भीमसेन जोशी निवर्तल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. स्मरण करणारा स्वतःच स्मरणीय झाला. आवर्तनाचे सामर्थ्य यात आहे की, त्यात एका पिढीमागून दुसऱ्या पिढीला दाखल होता येते. दगडात हे साधत नाही.

५. कल्याण आणि ठाणे : एक शिष्यपरंपरा

आता पुन्हा ठाणे-कल्याण या टापूकडे वळू. भास्करबुवा बखले यांचा जन्म गुजरातेतील कठोर येथला. त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. असे असूनही त्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरविण्याचे काम कल्याण गायन समाज या संस्थेने अंगावर घेतले. गायकाचे गाव आणि स्मारकाचे गाव एक असलेच पाहिजे असे नाही, हे यावरून सिद्ध होते. स्मारकास आवश्यक असते ती ऐकणाऱ्यांची वस्ती. आणि रेल्वेच्या सोयीमुळे मुंबईच्या नोकरदार मराठी वर्गाची मोठी वस्ती ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे झाली. दिवसभर मुंबईत काम करून रात्री घरी परतणाऱ्या या वर्गाला मैफल घराजवळ हवी होती. त्या गरजेची पूर्ती गायनसंस्थांनी केली.

भास्करबुवांच्या शिष्यांत मास्टर कृष्णराव यांचे स्थान मोठे; आणि मास्टर कृष्णरावांकडे ज्यांनी शिक्षण घेतले त्यांत राम मराठे हे एक. राम मराठे यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात झाला. बालपणी ते ‘प्रभात’च्या ‘गोपालकृष्ण’ (१९३८) व ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटांत दिसले. पुढे जगन्नाथबुवा पुरोहित आदी गुरूंकडे त्यांनी विद्या संपादन केली आणि ख्याल व नाट्यसंगीत अशा दोन्ही क्षेत्रांत लौकिक मिळविला. विद्याधर गोखले यांच्या ‘मंदारमाला’ (१९६३) या नाटकास त्यांनी संगीत दिले व त्यात भूमिकाही केली. प्रसाद सावकार यांच्यासमवेतची त्यातील त्यांची जुगलबंदी मराठी रंगभूमीवर गाजली. ठाणे हे त्यांच्या निवासाचे गाव झाले. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणजे कल्याणात ज्यांचे स्मरण होते ते आजेगुरू आणि ठाण्यात ज्यांचे स्मरण होते ते नातशिष्य. एकाच रेल्वेमार्गावरील दोन शहरांनी एकाच शिष्यपरंपरेची दोन टोके धरून ठेवली आहेत. ही योजना कोणी बुद्ध्या केलेली नाही. दोन्ही ठिकाणच्या रसिकांनी आपापले केले आणि त्यातून ही जोडणी झाली. भास्करबुवांचा आवाज कोणी ऐकू शकत नाही. परंतु मास्टर कृष्णरावांच्या व राम मराठ्यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, आणि त्यांतून पूर्वसूरींच्या गायकीचा काही अंश कानी पडतो असे मानता येते. ज्याची ध्वनिमुद्रिका नाही त्याचे स्मारक शिष्याच्या गळ्यात असते, हे विधान येथे अलंकारिक राहत नाही. ते वस्तुस्थितीचे वर्णन ठरते.

दोन्ही उपक्रमांत एक भेद मात्र नमूद केला पाहिजे. कल्याणचा महोत्सव गायनसंस्थेचा, ठाण्याचा नगरसंस्थेचा. नगरसंस्थेमुळे द्रव्य, सभागृह व पुरस्कार यांची सोय होते आणि सामान्य नागरिकास प्रवेश सुलभ होतो. परंतु अंदाजपत्रकावर जगणाऱ्या स्मरणास अंदाजपत्रकाचेच भय असते. गायनसंस्थेस द्रव्याची चणचण असते. पण तिच्याकडे वर्षभर शिकणारे विद्यार्थी असतात, आणि महोत्सवातील पहिल्या रांगेचा श्रोता तेच पुरवितात. स्मारक टिकावयाचे तर दोहोंचा संयोग इष्ट होय.

६. स्मरणाचा अधिकार

गायकाचे स्मारक कोणाचे, हा प्रश्न २०२२ साली तीव्रतेने पुढे आला. ६ फेब्रुवारी रोजी लता मंगेशकर यांचे निधन झाले व शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तेथेच स्मारक व्हावे अशी मागणी निघाली. मैदान खेळासाठी मोकळे राहावे असा प्रतिवाद झाला. पक्षापक्षांत वाद रंगू लागला. तेव्हा हृदयनाथ मंगेशकर यांनी हा वाद थांबवावा असे सांगून संगीताचे शिक्षण देणारी संस्था हेच स्मारक ठरेल असा अभिप्राय दिला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अयोध्येत लतादीदींच्या नावाचा चौक झाला. त्यात चाळीस फूट लांबीची व चौदा टन वजनाची वीणा उभारली आहे. येथे चेहऱ्याऐवजी वाद्य निवडले, हा विचार अभ्यसनीय आहे. तथापि ही वीणा कोणी छेडू शकत नाही, हेही खरे.

या प्रसंगातून तीन पक्ष स्पष्ट होतात : कुटुंब, शासन व श्रोते. कुटुंबाला नात्याचा अधिकार, शासनाला जागेचा अधिकार, श्रोत्यांना केवळ प्रेमाचा. कायद्याच्या दृष्टीने तिसरा पक्ष सर्वांत दुर्बळ. परंतु पॅरिस येथील जिम मॉरिसन या गायकाच्या थडग्याची कथा पाहावी. त्यावरील अर्धपुतळा १९८८ साली चोरीस गेला व २०२५ साली सापडला. मधल्या सदतीस वर्षांत चाहत्यांची रीघ खंडली नाही. पुतळा नसताना जे राहिले, तेच मूळ स्मारक म्हणावे लागेल.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. देहस्थान हे भावनेस सर्वांत जवळचे, परंतु जागेच्या टंचाईपुढे दुर्बळ. नाव हे सर्वांत सोपे, परंतु वापराशी जोडले नाही तर पोकळ. आवर्तन हे सर्वांत खर्चिक व कष्टाचे, कारण ते प्रतिवर्षी नव्याने उभारावे लागते; परंतु या नव्याने उभारण्यातच त्याचे आयुष्य आहे. मिरज व तिरुवैयारू येथे तिन्हींचा योग आल्यामुळे तेथील स्मरण बळकट राहिले. जुहूस केवळ पहिले राहिले, आणि तेही झाडापुरते.

ठाणे-कल्याण परिसरात आज एक निकड आहे. राम मराठ्यांना रंगमंचावर प्रत्यक्ष ऐकलेले श्रोते अद्याप आपल्यात आहेत. त्यांतील अनेक वृद्ध झाले आहेत. त्यांनी काय ऐकले, कोठे ऐकले, कोणत्या जागेला दाद दिली, महोत्सवास ते का जातात अथवा का जात नाहीत, हे टिपून ठेवण्याचा काळ थोडाच उरला आहे. घरोघरी पडून असलेल्या ध्वनिफिती, नाटकांच्या जाहिराती, महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका ही सामग्री रद्दीत जाण्यापूर्वी गोळा झाली पाहिजे. भास्करबुवांच्या श्रोत्यांपाशी हे विचारावयास कोणी गेले नाही, आणि आता विचारावयास कोणी उरले नाही. पदव्युत्तर अभ्यासकांना शोधनिबंधासाठी विषय हवा असेल, तर तो गडकरी रंगायतनाच्या मागल्या रांगांत दरवर्षी येऊन बसतो. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे तोपर्यंत जाऊन बसावे, एवढेच सुचवावयाचे आहे.